उसनी नळी

आमच्या कचेरीत त्यांना नंबरकाका म्हणत. हे नाव मीच पाडलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. शस्त्रपरवान्यांच्या खिडकीवर मी अठ्ठावीस वर्षं काढली. तेवढ्या काळात बंदुका बाळगणारे नाना तऱ्हेचे लोक पाहिले. खिडकीशी आल्यावर उगाच आवाज चढवणारे पाहिले, बंदुकीपेक्षा तिच्या खोळीलाच जास्त जपणारे पाहिले, आणि वडिलांची बंदूक सरकारजमा करताना खांबाआड जाऊन डोळे पुसणारेही पाहिले. नंबरकाका यांतल्या कुणातच बसत नव्हते. ते बंदुका दुरुस्त करत. माणसाचं नाव त्यांच्या डोक्यात राहत नसे, त्याच्या बंदुकीचा नंबर राहत असे.

"बाई, तो चारशे बारा गेला म्हणे," एकदा ते खिडकीशी येऊन म्हणाले.

"कोण गेला?"

"अहो, तो उंच. त्याच्या दस्त्याला चीर होती बघा."

मी रजिस्टर उघडलं, तर चारशे बारावर आमच्याच कचेरीचे निवृत्त मोठे साहेब निघाले. आयुष्यभर ज्यांच्यापुढे आम्ही चळचळा कापलो, ते यांच्या लेखी चीर गेलेलं लाकूड होते. मी तोंडावर पदर धरून हसले आणि त्या दिवसापासून ते नंबरकाका झाले.

दुकान कचेरीपासून चार-पाच गल्ल्या पलीकडे, घराच्याच खालच्या खोलीत. खोली एवढीशी, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला बाहेर पडावं लागे. खिडकीखाली लाकडी बाक, त्यावर घट्ट बसवलेला लोखंडी शिकंजा, कानशी लांबीप्रमाणे टांगलेल्या, आणि भिंतभर लहान लहान कप्प्यांचं कपाट. तेलाचा वास त्या खोलीत इतका मुरला होता की काकू म्हणत, यांचे कपडे धुवायचे नाहीत, पुसायचे. काकू वरच्या मजल्यावर राहायच्या आणि खाली फारशा येत नसत. "मला एखादा नंबर पाडून घ्यायला हवा होता," असं त्या मला म्हणाल्या होत्या, "म्हणजे यांना निदान माझा वाढदिवस आठवला असता." काका ऐकत होते की नाही कोण जाणे. त्यांचा उजवा कान कामापायी गेला होता. त्यांच्याशी बोलायचं तर डाव्या बाजूला उभं राहावं लागे.

हा धंदा त्यांनी मामाकडून घेतला. मामा शिकारीचे शौकीन, भाच्याला मात्र शिकारीचा तिटकारा. आयुष्यात त्यांनी एक पाखरूही मारलं नाही. दुरुस्तीनंतर चाचणीचे बार काढायचे ते शहराबाहेरच्या मैदानावर, मातीच्या ढिगात, परवानगीची चिठ्ठी खिशात ठेवून. "मग बंदुकीतच कशाला पडलात? घड्याळं दुरुस्त करायची," मी एकदा विचारलं. "घड्याळ मागे पडलं तर माणूस उशिरा पोचतो," ते म्हणाले. "हे चुकलं तर दुरुस्त करून घ्यायला माणूसच उरत नाही. म्हणून इथे कुणीतरी नीट करणारा पाहिजे." हे बोलताना त्यांनी हातातलं काम थांबवलंसुद्धा नाही.

मुलगा चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागला. बापाच्या धंद्याकडे फिरकला नाही, आणि काकांनीही त्याला कधी आग्रह केला नाही. म्हणजे त्यांच्यामागे हे दुकान चालवणारं कुणी नव्हतं. सगळ्या जिल्ह्यात बंदूक दुरुस्त करण्याचा परवाना तेवढा एकच होता, आणि तो त्यांच्या नावावर होता. परवाना गेला तर ते सत्तर वर्षांचे, एका कानाने बहिरे, दुसरं काहीही न येणारे गृहस्थ. एवढं समजून घेतलंत की पुढचं सगळं समजेल.

आता कायद्याचं सांगते. कंटाळा करू नका, सगळं घोडं तिथेच अडलं आहे.

पूर्वी कायद्याच्या नजरेत बंदूक म्हणजे तिचा मधला सांगाडा. नंबर त्यावर, परवाना त्यावर. नळी काय, चाप काय, बाकीचं सगळं सुटं लोखंड. मग कुठेतरी कुणीतरी एकेक भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून विकत घेतला, घरी बसून जोडला आणि माणसं मारली. त्यावर नवा कायदा आला. नळी आणि असेच दोन-तीन मुख्य भाग आता स्वतःच शस्त्र ठरले. प्रत्येकाला वेगळा नंबर, वेगळी परवानगी. तिच्याशिवाय विकायचं नाही, विकत घ्यायचं नाही. मला तो कायदा तेव्हाही चुकीचा वाटला नाही, आजही वाटत नाही.

नंबरकाकांनाही तो पटला होता. त्यांनी दुकानात स्वतःच्या हाताने पाटी लिहून लावली, 'सुटे भाग परवानगीशिवाय मिळणार नाहीत. ओळख सांगू नये.' ओळख सांगायला एक बडं धेंड आलंच. त्याला जुनी नळी हवी होती, 'नुसती भिंतीवर टांगायला.' काकांनी त्याला डावीकडून उजवीकडे यायला सांगितलं आणि मग आपल्याला काहीच ऐकू येत नाही असं दाखवलं. तो घसा फोडून फोडून निघून गेला. आम्ही ही गोष्ट कचेरीत महिनाभर पुरवली.

पण त्यांची एक जुनी पद्धत होती. ती मामांपासून चालत आलेली. बंदूक दुरुस्तीला आली आणि नवा भाग यायला वेळ असला, तर ते आपल्या कपाटातला जुना भाग तात्पुरता बसवून देत. नवा आला की आपला काढून घेत. त्याचा एक पैसा घेत नसत. बंदूक बाळगणारे सगळेच काही हौशी नसतात. कुणाचं पोट तिच्यावर असतं. पहारेकऱ्याची बंदूक तीन महिने दुकानात पडून राहिली तर त्याची नोकरी तीन दिवसही टिकत नाही. म्हणून हे उसनं देणं. ज्या कप्प्यातून भाग काढला, त्या कप्प्यात ते पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ठेवत. कुणाच्या बंदुकीला दिला, कधी दिला. भाग परत आला की चिठ्ठीवर आडवी रेघ. नोंदवहीत मात्र यातलं काही येत नसे, कारण नोंदवही खरेदी-विक्रीची, आणि यात खरेदीही नव्हती, विक्रीही नव्हती.

कायदा आल्यावर पंधरा दिवसांनी ते माझ्या खिडकीशी आले. हातात सरकारी अधिसूचनेची दोन पानं, ओळींखाली पेन्सिलीच्या खुणा. सोमवार होता. रांग पार जिन्यापर्यंत गेली होती, आणि नूतनीकरणाचे अर्ज माझ्या कोपरापर्यंत साठले होते.

"बाई, एक विचारायचं होतं. मी दुरुस्ती होईतो आपल्याकडची नळी उसनी लावून देतो, ते तुम्हाला माहीत आहे. ते यात बसतं का?"

"पैसे घेता का?"

"छे."

"मग ती विक्री कशी होईल काका? उसनं ते उसनं. द्या खुशाल."

"नक्की ना?"

"अहो, मी इथे काय भाजी निवडते का?"

मागचे दोघे-तिघे हसले. काकाही हसले आणि पानांची घडी घालून निघून गेले. अधिसूचनेत नुसते नियम होते. कुठल्या शब्दाचा कायद्यात काय अर्थ घ्यायचा, ते मोठ्या पुस्तकात होतं. ते पुस्तक माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. कपाटाला कुलूपही नव्हतं. मी उठले नाही.

पुढे चार वर्षं काहीच झालं नाही. कायदा बदलला तरी आमचे तपासणीचे नमुने बदलायला सरकारला चार वर्षं लागली. तोवर वार्षिक तपासणीत आम्ही सांगाड्यावरचा नंबर तेवढा पाहायचो. पाचव्या वर्षी नवे छापील तक्ते आले आणि त्यात एक रकाना वाढला, 'नळी क्रमांक.'

तपासणी कचेरीच्या आवारात व्हायची. झाडाखाली टेबल, टेबलाशी मी, शेजारी पोलीस निरीक्षक, आणि समोर बंदुका मोकळ्या करून उभे राहिलेले लोक. मी भिंगातून नंबर वाचायची आणि परवान्याशी ताडून पाहायची. त्या वर्षी एकोणिसावा आला तो धान्याच्या गोदामाचा पहारेकरी. वाकलेला, सभ्य, पन्नाशीचा माणूस. दरवर्षी येताना बंदूक लखलखीत पुसून आणायचा. सांगाड्याचा नंबर जुळला. नळीचा जुळेना. मी पुन्हा भिंग लावलं.

"नळी बदललीस का रे?"

"ती काकांची आहे, बाई," तो अगदी मोकळेपणाने म्हणाला. "माझी जिन्यावरून पडली, पोचा आला तिला. नवीनची परवानगी मागितलीय, अजून आली नाही. तोवर काकांनी उसनी दिलीय. नाहीतर मालकाने दुसरा माणूस ठेवला असता."

निरीक्षकाने मान वळवली. मी रकान्यात लिहिलं, 'जुळत नाही.' खरं तर दुसरं काही लिहिण्यासारखं नव्हतंच. बंदूक जप्त झाली. पहारेकरी रिकाम्या हातांनी उभा राहिला आणि मला विचारत राहिला, "बाई, संध्याकाळपर्यंत मिळेल ना? माझी पाळी सहाची आहे." मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. मागे अजून तीस माणसं होती.

त्या दिवशी टेबल आवरून वर आले आणि कपाटातलं पुस्तक काढलं. व्याख्या तिसऱ्याच पानावर होती. हस्तांतर म्हणजे विकणे, विकत घेणे, भाड्याने देणे, उसने देणे, भेट देणे, किंवा मोबदला न घेता ताबा बदलणे. 'उसने देणे' इतकं स्वच्छ छापलं होतं की आंधळ्यालाही दिसावं. मी खाली बसले. 

दुकानाला सील लागलं. सुनावणी तिसऱ्या आठवड्यात लागली. साहेब नवे होते, तरुण होते, पण माणूस वाईट नव्हता. सुनावणीचं टिपण घ्यायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे.

काका धुतलेला सदरा घालून आले. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. वकील आणला नव्हता. बसायला सांगितलं तर साहेब डाव्या बाजूला येतील अशी खुर्ची सरकवून घेतली. मग डबा उघडून, सील लागण्याआधी कप्प्यांतून काढून घेतलेल्या चिठ्ठ्या टेबलावर एकाखाली एक मांडल्या.

"या अकरा आहेत साहेब. कायदा आल्यापासूनच्या. बघा, दहांवर रेघ आहे, म्हणजे भाग परत आला. अकरावी ही पहारेकऱ्याची. ती सोडली तर माझ्याकडचा एक खिळासुद्धा कुणाकडे राहिलेला नाही. आपण पडताळून पाहा."

मी मान वर केली नाही. साहेबांसमोर प्रकरण एका नळीचं होतं. काकांनी आपल्या सचोटीचा पुरावा म्हणून आणखी दहा गुन्हे स्वतः उचलून आणले होते, तारखांसकट. साहेबांनी चिठ्ठ्या मोजल्या, चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत बसले. काकांना वाटत होतं, त्यांचं म्हणणं पटतंय. त्यांच्या चेहऱ्यावर तसं स्पष्ट दिसत होतं. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

"काका," साहेब हळू बोलले, मग आठवण होऊन मोठ्याने बोलले, "उसनं देणंही हस्तांतरच आहे. तुम्ही इतकी वर्षं या धंद्यात. तुम्हाला हे चालतं असं कुणी सांगितलं होतं का? आमच्या कचेरीत विचारलं होतं का तुम्ही कधी? नीट आठवून सांगा. त्याने फार फरक पडतो."

साहेबांनी दार उघडून धरलं होतं, हे मला कळलं. कचेरीत विचारून केलं, तर प्रामाणिक चूक. वर्षभर परवाना थांबवायचा आणि परत द्यायचा. स्वतःच्या मनाने केलं, तर कायमचा रद्द. माझं पेन कागदावर टेकलेलं होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नुसतं पाहिलं असतं तरी मी बोलले असते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. ते खरं नाही.

"मला तसं वाटलं," काका म्हणाले.

मी टिपणात लिहिलं, 'परवानाधारकास तसे वाटले.' अक्षर नेहमीसारखंच आलं.

निकाल आठवड्याने लागला. परवाना कायमचा रद्द. वय पाहून खटला भरला नाही, दंड केला. कपाटातले सगळे भाग सरकारजमा. पहारेकऱ्याचा परवाना तर निकालाआधीच गेला होता, आणि नोकरी तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी. तो पुढे कुठे गेला मला माहीत नाही. मी चौकशीही केली नाही, हे इथे लिहून ठेवते.

अपिलाला तीस दिवसांची मुदत होती. साहेबांनी मला निकाल टंकायला देताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "यांनी कचेरीत विचारलं होतं एवढं दाखवणारा एक कागद असता तर वर एका दिवसात काम झालं असतं." त्यांना काही संशय होता का, मला आजही सांगता येत नाही. मी "हो ना" म्हटलं.

माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. खिडकीवरून चुकीचा सल्ला दिला, आणि तो लपवून सुनावणीचं टिपण घेतलं, हे बाहेर आलं असतं तर खात्याची चौकशी लागली असती आणि पेन्शन अडकलं असतं. माझ्यावर अवलंबून कुणी नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर वाचणारा माझ्या बाजूने एखादं आजारी माणूस उभं करील. दोन खोल्या होत्या, मी एकटी होते, आणि मी घाबरले होते. बस्स.

निवेदन मी नवव्या दिवशी लिहिलं. एक पानाचं. 'अमुक तारखेस परवानाधारकाने खिडकीवर येऊन विचारणा केली असता मी नियम न पाहता त्यांना सांगितले की,' वगैरे. ते पर्समध्ये घातलं. विसाव्या दिवशी ते पर्समध्येच होतं. पंचविसाव्या दिवशी घडीवर फाटलं, म्हणून नवं लिहिलं. तिसाव्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि चारच्या सुमारास काकांकडे गेले.

काकू दारातच भेटल्या. "बरं झालं आलात. बघा जरा यांच्याकडे. सकाळी उठून अंघोळ करतात आणि खाली जायचे कपडे घालून खुर्चीत बसतात." दुकानाच्या दाराला लाख आणि दोरी तशीच होती. काका वरच्या खोलीत खिडकीशी बसले होते. हात मांडीवर उपडे. त्यांच्या नखांतलं काळं गेलं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांचे हात स्वच्छ कधी पाहिले नव्हते, आणि ते पाहून मला रडू आलं. तिथेच, त्यांच्या डाव्या कानाशी बसून मी सगळं बोलले. ती सोमवारची रांग, ते कपाट, ते तिसरं पान. मी म्हटलं, "तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुमचं तुम्ही सांगायचं," ते म्हणाले. "मी कसं सांगणार?" मग म्हणाले, "तुम्ही कपाटाकडे गेला नाहीत, ते मी तेव्हाच पाहिलं होतं. मला जे उत्तर हवं होतं ते मिळालं, म्हणून मीही पुस्तक काढा म्हणालो नाही. आपण दोघांनीही काम कच्चं केलं."

मी निवेदन त्यांच्या हातात दिलं, आणि सोबत आणलेला अपिलाचा अर्जही. आता खरं सांगते. मी तिथे गेले होते ते 'राहू द्या बाई' हे ऐकायला. म्हातारा माणूस, थकलेला, मनाचा मोठा. तो म्हणेल, 'तुमची नोकरी कशाला घालवता, माझं आता काय राहिलंय.' मग मी थोडा आग्रह करीन, ते पुन्हा नको म्हणतील, आणि कागद पर्समध्ये परत जाईल. रस्ताभर मी हा संवाद मनात घोकत आले होते.

काकांनी चष्मा लावला. एकेक ओळीखाली बोट धरून वाचलं. काकूंकडून पेन्सिल मागून घेतली आणि एका ठिकाणी मी नुसता 'भाग' लिहिला होता, तिथे वर 'नळी' लिहिलं. मग अर्जावर सही करून दोन्ही कागद परत दिले.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले. "द्या."

मी कागद घेतले, पण उठले नाही.

"माझी अजून पाच-सहा वर्षं तरी काम करायची ताकद आहे, बाई. रिकामं बसवत नाही. द्या हे. खिडकी पाचला बंद होते ना?"

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले होते. काकू एकदम उठल्या आणि माझी छत्री माझ्या हातात दिली. "चहा नंतर घेऊ," म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जी आशा होती ती मला अजून ऐकू येते.

मी निघाले. पहिल्या वळणापर्यंत बऱ्यापैकी चालले. मग औषधांच्या दुकानापाशी थांबून, नको असलेल्या गोळ्या घेतल्या. पुढे एक ओळखीची भेटली, तिच्या सुनेची तब्येत विचारली. सुनेची तब्येत ठणठणीत होती. शाळेच्या भिंतीशी पर्स उघडून कागद आहेत ना हे पाहिलं, बंद केली, पुन्हा उघडून पाहिलं. रस्ता ओलांडताना मोकळा असूनही थांबले. कुणी मला अडवलं नव्हतं. पायही दुखत नव्हते. मी फक्त हळू चालले. कचेरीच्या जिन्यावर पोचले तेव्हा शिपाई अपिलाच्या खिडकीची फळी लावून कडी घालत होता. मी त्याला "जरा थांब" म्हटलं नाही. तो माझ्या ओळखीचा होता, थांबला असता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता काका माझ्या खिडकीशी आले. मुदत संपली की रद्द झालेला परवाना स्वतः आणून जमा करावा लागतो. त्यांनी ते निळं पुस्तक काउंटरवर ठेवलं. चाळीस वर्षांचे शिक्के त्यात होते, शेवटचे अठ्ठावीस माझ्या हातचे.

मी आधीच तयार ठेवलेलं वाक्य बोलले. "काका, काल पोचेपर्यंत खिडकी बंद झाली हो."

"किती वाजता पोचलात?"

"पाच वाजून पाच मिनिटांनी."

त्यांनी मान हलवली. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. एखादा भाग किती झिजलाय हे पाहताना ते जसे पाहत, तसे माझ्याकडे पाहत होते.

"आमच्या घरापासून इथे यायला मला आत्ता चौदा मिनिटं लागली," ते म्हणाले. "आणि मी सत्तरचा आहे."

 मागच्या माणसाने त्यांना जरा सरकायला सांगितलं. त्यांना ते ऐकू गेलं नाही, तो उजवीकडे होता. त्यांनी जमा केल्याची पोच मागितली. मी ती लिहिली, शिक्का मारला, आणि खिडकीखालून पुढे सरकवली. त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली आणि पुढच्या माणसाला वाट करून दिली.